गोष्ट कोण सांगतंय?

(ईट येथील व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



पत्रिकेत विषय छापलाय ‘कथेचे घटक’. कथानक, पात्रं, वातावरण, संघर्ष, प्रतीक. समोर इतके शिक्षक बसलेत, त्यांच्यासमोर व्याख्या सांगत नाही. त्या तुम्ही दरवर्षी फळ्यावर लिहिता. मला एकाच गोष्टीचा आग्रह धरायचा आहे. कथा हातात घेतली की आधी विचारा, ही सांगतंय कोण? बाकीचे घटक त्या उत्तराच्या मागून येतात.

हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली ‘करमणूक’ साप्ताहिक काढलं आणि त्यात ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी क्रमशः सुरू केली. लिहिणारा पुरुष, पण सांगते यमुना. तिचं लग्न, सासर, वैधव्य, सगळं तिच्याच तोंडून. हीच हकिगत सासरच्या एखाद्या वडीलधाऱ्यानं सांगितली असती तर? घटना त्याच राहिल्या असत्या, केशवपन मात्र घराची अब्रू राखण्याचा प्रसंग ठरला असता.

‘बनगरवाडी’ घ्या. १९५५ सालची. व्यंकटेश माडगूळकरांनी ती सांगायला दिली बाहेरून आलेल्या तरुण मास्तराकडे. माणदेशातली ती धनगरांची वस्ती तो पहिल्यांदा बघतो, म्हणून आपल्यालाही दिसते. कारभाऱ्यानं सांगितली असती तर झोपड्यांचं वर्णन कशाला केलं असतं? आपल्या दारातल्या लिंबाचं वर्णन कोण करतं? (हशा) म्हणजे वातावरण हासुद्धा निवेदकाच्या डोळ्यांचा हिशेब आहे.

आता आपल्या जिल्ह्यातलं. भास्कर चंदनशिव कळंब तालुक्यातल्या हासेगावचे. त्यांची ‘लाल चिखल’ इथं बऱ्याच जणांनी वाचली असेल. बाजारात टोमॅटोचा भाव पडतो आणि शेवटी बाप स्वतःच पिकवलेला माल पायाखाली तुडवतो. हे आपल्याला दिसतं सोबतच्या पोराच्या नजरेतून. मी वर्गात एकदा मुलांना सांगितलं, हीच कथा दुसऱ्या कुणाकडून सांगा. एकानं व्यापारी घेतला. त्याच्या वहीत टोमॅटोचा चिखल फक्त वाटेत आलेली घाण होती, आणि व्यापारी धोतर वर धरून पलीकडं गेला. वर्ग चिडला. मी म्हटलं, चिडू नका, त्यानं बरोबर लिहिलंय. एका मुलीनं आई घेतली. आई बाजारात गेलीच नव्हती. ती घरी तेलमिठाचा हिशेब करत बसलेली. बापलेक परत येतात, पाटी रिकामी, आणि तिला वाटतं माल खपला! ती चुलीवर जास्तीची भाकरी टाकते. बाजार नाही, तुडवणं नाही, तरी अंगावर काटा आला. वाचकाला ठाऊक आहे आणि सांगणारीला नाही, एवढ्यावर तिनं ती कथा उभी केली होती. याला नाट्यात्म उपरोध म्हणतात हे मी तिला नंतर सांगितलं. मग दुसऱ्या मुलानं पोलीस घेतला, तिसऱ्यानं...

चिठ्ठी आली. दहा मिनिटं उरलीत म्हणे.

मघाशी मागून एक काका म्हणाले, गोष्ट आवडली म्हणजे झालं, ही चिरफाड कशाला? काका, मी चिरफाड करत नाही. ती मुलगी काही पुस्तकी व्याख्या पाठ करून लिहायला बसली नव्हती. कुणाच्या डोळ्यांनी बघायचं एवढंच तिनं ठरवलं, आणि त्यासाठी आईच्या जागी जाऊन बसली. हे शिकवता येतं, म्हणून मी भांडतोय.

प्रतीकाबद्दल घाईत एवढंच. लाल चिखल वरून चिकटवलेला नाही. आधी तो खरोखर टोमॅटोचा चिखल आहे. बापाचा संताप आणि घामाची माती त्यात नंतर दिसते. नवे लेखक आधी प्रतीक शोधतात आणि त्याला कथा जोडत बसतात, तिथं फसतं. उपमा, पूर्वसूचना, काळाची उलटापालट हे राहिलं. शिक्षकांनी वर्गात घ्यावं.

इथं लिहिणारी पोरं बसली आहेत. आपल्या भूम तालुक्यातल्या खव्यावर कथा लिहायची झाली तर भट्टीचा मालक सांगेल, कढईशी उलथणं घेऊन उभा असलेला गडी सांगेल, की पहाटे अंधारात धार काढणारी बाई? तिघांच्या तीन कथा होतील. माझं मत विचाराल तर बाईची आधी लिहा, ती अजून कुणी नीट ऐकलेली नाही.

अध्यक्ष घड्याळ दाखवतायत. काका, आता तुमचा प्रश्न पुन्हा विचारा, माइक तिकडं द्या.