धम्मगिरीवरचा पाहुणचार
(विहाराच्या वर्धापनदिनी डोळखांब येथे केलेले भाषण)



 समितीने विषय दिला आहे 'विपश्यना शिबिराचा अनुभव'. पण डोळे मिटल्यावर आत काय घडले, हे माईकवर सांगण्यासारखे नसते आणि ते ऐकून दुसऱ्याचा काही फायदाही होत नाही. म्हणून आम्ही बोलणार ते तिथल्या राहण्या-जेवण्याबद्दल. दुसऱ्याच्या दारी पाहुणा म्हणून राहिलो, त्याबद्दल.

इगतपुरी आपल्याला काही लांब नाही. इथून एस.टी.ने शहापूर, तिथून हायवेला नाशिककडची गाडी, कसारा घाट चढला की आलीच. सत्यनारायण गोयंका गुरुजी ब्रह्मदेशात सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे ही साधना शिकले. 1969 साली मुंबईत त्यांनी भारतातले पहिले शिबिर घेतले आणि 1976 पासून धम्मगिरीवर शिबिरे चालू आहेत. गुरुजी 2013 साली गेले, पण संध्याकाळचे प्रवचन आजही त्यांच्याच ध्वनिमुद्रित आवाजात होते.

आम्ही चौघे गेलो. पहिल्या संध्याकाळी मोबाईल, वही, पेन सगळे जमा. पहाटे चारला घंटा, रात्री साडेनऊला दिवा बंद. दहाव्या दिवसापर्यंत मौन. तिथे मेणबत्ती नाही, अगरबत्ती नाही, पूजापाठ नाही. आपल्यातल्या एकाला पहिले दोन दिवस चुकल्या-चुकल्यासारखे वाटले. पंचशील मात्र आहे. आपण प्रत्येक कार्यक्रमात ते म्हणतो आणि मग नाश्त्याकडे वळतो. तिथे ते म्हणून झाल्यावर पाळायचे असते, एवढाच फरक. पण हा फरक बारीक नाही बरं का!

आता जेवणाचे. अकराला दुपारचे जेवण. रांगेत उभे राहायचे, ताट घ्यायचे, वाढून घ्यायचे, गप्प बसून खायचे आणि आपले ताट आपण घासून ठेवायचे. संध्याकाळी पाचला नव्या माणसाला चहा, फळ, थोडे चुरमुरे. जुन्या साधकाला नुसते लिंबूपाणी. रांगेत आमच्या पुढे कोण, मागे कोण, काही कळत नव्हते. मौनच ना! नाव नाही, आडनाव नाही, गाव नाही. ज्या माणसांच्या आज्याने दुसऱ्याच्या ओट्याखाली बसून ओंजळीत वरून ओतलेले पाणी प्याले आहे, त्यांना आडनाव न विचारता मिळालेले ताट काय असते, हे वेगळे सांगायला नको.

आणि या जेवणाचे पैसे घेत नाहीत. द्यायचे म्हटले तरी शिबिर पूर्ण होईपर्यंत घेत नाहीत. तुमच्याआधी बसून गेलेल्या कुणीतरी दिलेल्या दानावर तुम्ही जेवता. तुम्ही शेवटी जे द्याल, त्यावर पुढचा जेवेल. तुमचा यजमान तुम्हाला कधी दिसत नाही, त्यामुळे त्याच्यापुढे वाकायचा प्रश्नच येत नाही. स्वयंपाकघरात मदत करणारे धम्मसेवकसुद्धा आधी शिबिर केलेलेच, बिनपगारी.

ही रीत काही आजकालची नाही. तीच वाट पुढे नाशिकला गेली की पांडवलेणी. तिथल्या दहा नंबरच्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे, सुमारे 1900 वर्षांपूर्वीचा. लेणे कुणाला दिले? चारी दिशांच्या संघाला. म्हणजे कुठूनही आलेल्या भिक्खूला. त्याने विणकरांच्या एका श्रेणीकडे 2000 कार्षापण ठेवले, दरमहा शेकडा एक व्याजाने. त्या व्याजातून लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या 20 भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी 12. हिशेब करून पाहा. वर्षाचे व्याज 240, वीस जणांत वाटले की बरोबर बारा. त्या भिक्खूंच्या अंगावरच्या वस्त्राचा खर्च कुणा विणकराच्या मागावरून येत होता. पाहुणचार नुसत्या भावनेवर चालत नाही, त्याला अशी तजवीज लागते.

विनयपिटकात तर पाहुण्या भिक्खूचे नियमच आहेत. त्याला 'आगंतुक' म्हटले आहे. हा शब्द आपण अजून वापरतो, जरा नाक मुरडून. आगंतुकाने पायातले काढावे, छत्री मिटावी, सावकाश आत यावे. पिण्याचे पाणी कोणते आणि वापरायचे कोणते, ते विचारावे. कोणते, एवढेच. कुणाचे, हा प्रश्न तिथे नाही. तो प्रश्न पुसायला बाबासाहेबांना 1927 साली महाडला जावे लागले. आणि तानसा-भातसाचे पाणी मुंबईला धाडून उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या आपल्या तालुक्याला पाण्याचा प्रश्न आम्ही काय समजावणार! असो.

तरुण मंडळी आम्हाला विचारतात, गावात अन्याय होत असताना डोळे मिटून काय होणार? प्रश्न रास्त आहे. डोळे मिटल्याने सातबारा नावावर होत नाही. त्यासाठी कचेरीतच जावे लागते आणि बाबासाहेबांनी दाखवलेला लढ्याचा रस्ता दहा दिवस बसून संपत नाही. पण कचेरीत जाणारा माणूस रागाने थरथरत जातो की शांत डोक्याने, यानेही फरक पडतो. एवढेच आम्ही म्हणू, जास्त दावा करणार नाही.

आम्हाला खरे सांगायचे आहे ते पुढचे. आम्ही चौघे गेलो, तेव्हा चूल, शेळ्या, म्हातारी माणसे कुणी सांभाळली? घरच्या बायकांनी. शिबिर दहा दिवसांचे म्हणतात, पण जाण्या-येण्यासकट मोजून बारा तारखा लागतात. आता तिने जायचे ठरवले तर? आपल्याकडे बाई कुठेच पाहुणी नसते. माहेरी गेली तरी भाकरी तीच थापते. आयते वाढलेले ताट बारा दिवस तिच्यासमोर यावे, हे तिला स्वतःलाच खरे वाटत नाही. एक मावशी आम्हाला म्हणाल्या, "तिथं मला काही काम सांगतील ना? नाहीतर मी काय करू?"

भगवंतांकडे आगंतुक भिक्खूंच्या जेवणाची परवानगी मागितली, ती एका बाईने, विशाखेने. तिने आठ वर मागितले. आलेल्याला जेवण, निघालेल्याला जेवण, आजाऱ्याला, आजाऱ्याची सेवा करणाऱ्याला, औषध, रोजची पेज, पावसाळ्यात भिक्खूंना वस्त्र, भिक्खुणींना स्नानवस्त्र. सेवा करणाऱ्यालाही जेवण लागते, हे तिला सुचले, कारण तिने घर चालवले होते.

तेव्हा समितीपुढे आमचे मागणे असे. लावणीच्या दिवसांत कुणी हलणार नाही. वर्षावासात आपण 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' विहारातच वाचू. पण भात झोडून झाले की पौष-माघात हात मोकळे असतात. स्त्रियांची राहण्याची सोय तिथे वेगळी असते, काळजी नको. अर्ज मोबाईलवरून भरता येतो, पोरे भरून देतील. जागा लवकर भरतात म्हणून दिवाळीआधीच भरावा. थंडीची शाल न्यावी, घाटमाथ्यावर गारठा असतो.

विहारात एक वही ठेवली आहे. डाव्या बाजूला जाणाऱ्या बाईचे नाव लिहायचे, उजव्या बाजूला तिची चूल आणि गुरे बघणाऱ्या दोन घरांची. पुरुषांनी उजव्या बाजूला सही करायची आहे. पहिल्या पानावर उजवीकडे आम्ही चौघांनी सह्या केल्या आहेत. डावी बाजू कोरी आहे. कार्यक्रम संपल्यावर वही दारापाशी टेबलावर असेल.

जयभीम! नमो बुद्धाय!