साथीच्या दिवसांतले खाडे

हजेरीपुस्तकात खाड्याची खूण एकच असते. कोण तापाने फणफणला आहे, कोण आजारी आईच्या उशाशी बसला आहे, कोणाला गाडी मिळाली नाही आणि कोण नुसता भ्यालेला आहे, हे त्या फुलीवरून कळत नाही. एरवी नाही कळले तरी चालून जाते. साथीत चालत नाही. या चौघांवरचे उपाय चार निराळे असतात. आणि आपले साहेब मात्र चौघांनाही एकच नोटीस धाडतात!

मुंबईने हा अनुभव फार पूर्वी घेतलेला आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत प्लेग उघडकीला आला आणि पुढल्या काही महिन्यांत शहराची जवळजवळ निम्मी वस्ती बाहेर पडली. गिरणी कामगारांनी कोकणातला नाहीतर घाटावरचा आपला गाव गाठला. त्या काळी गिरण्यांत महिन्याचा पगार महिना संपल्यावरही बरेच दिवस अडकवून ठेवीत. हेतू हा, की माणूस सोडून जाऊ नये. प्लेगपुढे ही युक्ती लंगडी पडली. पगारावर पाणी सोडून माणसे गेली. मग मागे राहिलेल्यांसाठी गिरण्यांमध्येच चढाओढ लागली. रोजची मजुरी रोज हातावर ठेवावी लागली; नाक्यावर उभे राहून जादा बोली लावून माणसे ओढून नेल्याच्याही हकिकती आहेत.

बरे, भीती काही एकट्या रोगाची नव्हती. आपल्याला घरातून उचलून रुग्णालयात नेतील, तिथून आपण परत येणार नाही, ही धास्ती मोठी होती. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला तो त्यापायीच. अशा माणसाला दंडाचा धाक काय घालणार? त्याला सांगावे लागते, की तू आजारी पडलास तर तुझे काय करू, घरी पैसे कसे पोचवू. आणि सांगितले ते पाळावे लागते.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. साथीत गैरहजर माणसापेक्षा अंगात ताप घेऊन हजर झालेला माणूस संस्थेला महाग पडतो. कोविडच्या वेळी, २०२० मध्ये, एकजण बाधित निघाला की त्याच्या संपर्कातल्यांना १४ दिवस घरी बसवावे लागे. एका माणसाने रोज बुडू नये म्हणून खोकला दाबला आणि अख्खे खाते बंद पडले, असे सहज होई. तो तरी काय करील? राज्य कामगार विम्याच्या १९४८ च्या कायद्याने आजारपणाचा भत्ता दिला, पण पहिले दोन दिवस सामान्यतः वगळले. एरवी यात काही चूक नाही. खोट्या आजाराला थोडा आळा बसतो. पण साथीत नेमके हेच दिवस माणसाने घरी काढायला हवेत! तेव्हा हे दोन दिवस संस्थेने आपल्या पदरचे भरावेत, आणि महिनाभर खाडा न करणाऱ्याला मिळणारे बक्षीस तेवढ्यापुरते थांबवून ठेवावे. डॉक्टरचा दाखलाही पहिल्याच दिवशी मागू नये. दाखल्यासाठी तो दवाखान्याच्या गर्दीतच जाऊन बसेल.

गाडीचा प्रश्न सरळ आहे. मार्च २०२० मध्ये मुंबईच्या लोकल थांबल्या. जूनमध्ये सुरू झाल्या त्याही अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी. कल्याण-विरारच्या माणसाचा त्यात काय दोष? ज्यांचे काम घरून होते त्यांना घरी ठेवावे, बाकीच्यांसाठी बस लावावी.

मग काम कोणी करायचे? बॉयलर, पंप, पगारपत्रक अशी न थांबणारी कामे थोडीच असतात. त्यांतले प्रत्येक काम येणारी दोन-तीन माणसे आधीच तयार हवीत, आणि ती एका पाळीत, एका टेबलाशी जेवायला नकोत.

राहता राहिले रखवालदार, सफाईवाले, कँटीनमधली पोरे. हे त्याच जिन्याने येतात, पण त्यांची नावे ठेकेदाराच्या वहीत असतात आणि त्या वहीत भरपगारी रजेचा रकाना बहुधा नसतो. साथ नसताना, निवांतपणे, ही वही एकदा मागवून पाहावी. ठेक्याचा करार नवा करताना हा रकाना घालून घेता येतो.