घासाघीस : शब्द आपला, हक्क कोणाचा?

(जिल्हा मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



हमीभावाचे आकडे सांगण्याआधी आज एका जुन्या शब्दाविषयी बोलायचे आहे. शब्द आहे घासाघीस. आपल्या आज्यापणज्यांच्या तोंडचा. घासणे या क्रियेपासून तो झाला. मारामारी एकट्याने होत नाही, तशी घासाघीसही एकट्याने होत नाही. घासायला दोघे लागतात.

शब्द भावापुरता राहिला नाही. सोयरिकीत देण्याघेण्याची घासाघीस होते. निवडणूक आली की पक्षांमध्ये जागांची घासाघीस होते आणि वर्तमानपत्रे ती कौतुकाने छापतात. पुढाऱ्याने केली तर ती मुत्सद्देगिरी. कास्तकाराने केली तर मात्र तो कद्रू! भल्या माणसाने घासाघीस करू नये, असे आपल्याला लहानपणापासून शिकवले. शिकवले कोणी? जुडीमागे दोन रुपये कमी करायला भाजीवालीशी अर्धा तास भांडणाऱ्यांनीच.

आता आपलेच पाहू. आपण लुगडे घ्यायला दुकानात जातो तेव्हा विचारतो, "काय भाव?" कापसाची गाडी घेऊन यार्डात जातो तेव्हाही विचारतो, "शेठ, काय भाव?" घेतानाही त्याचा भाव आणि विकतानाही त्याचाच भाव. आपल्या मालाची किंमत आपल्या तोंडून निघतच नाही.

पण हेच आपण बैलबाजारात कसे वागतो? तिथे किंमत आपण सांगतो. गिऱ्हाईक दात पाहते, चालवून पाहते, खोड काढते. आपण दोन पावले मागे येतो, ते दोन पावले पुढे येते. जमले नाही तर कासरा धरून आपण घरी परततो. तिथे आपल्याला घासाघीस येते, मग यार्डात का येत नाही? बैल पायांनी घरी येतो. कापूस येत नाही. टेम्पोचे भाडे डोक्यावर असते, दुकानदाराची उधारी थकलेली असते आणि आभाळ भरून आलेले असते. ज्याला परत जाता येते त्यालाच घासाघीस करता येते.

चंदनाचे खोड सहाणेवर घासतात. घासतात दोघे, पण झिजते खोडच. आपली आणि बाजाराची घासाघीस अशी चालली आहे.

पूर्वी तर भाव कानावरही पडत नसे. अडत्या आणि व्यापारी दुपट्ट्याखाली हात घालून बोटे दाबत आणि सौदा ठरे. मालाचा धनी बाजूला उभा. याला हत्ता पद्धत म्हणत. वऱ्हाडात १८९७ साली कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा झाला. महाराष्ट्रात १९६३ साली बाजार समित्यांचा कायदा झाला. उघड लिलाव आला, दुपट्टा गेला. १९७२ साली कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली. भाव सरकारने ठरवला, मग घासाघीस कशावर? ग्रेडवर. ग्रेडरच्या एका शब्दाने चांगला कापूस खालच्या प्रतीत जाई. ती योजना इतिहासजमा झाली, आणि घासाघीस आता ओलीवर आली. सीसीआयच्या खरेदीत ८ टक्के ओल धरतात, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत भाव कापतात, त्याहून जास्त ओल असली तर माल परत.

आमच्याच गावची गोष्ट. आम्ही चौघांनी कापूस यार्डात नेला. लिलावात ७,००० रुपये क्विंटल ठरले. गाडी जिनिंगवर गेली, निम्मी खाली झाली, तेव्हा सांगितले, "माल ओला आहे, २०० कमी घ्या." निम्मी गाडी खाली झालेला माणूस काय बोलणार? आम्ही घेतले. मुकाट घेतले. ती घासाघीस नव्हती, भावांनो. घासाघीस सौदा होण्याआधी असते. सौदा झाल्यावर होते ती कापणी, आणि उभे पीक आपणच असतो.

मग करायचे काय? पहिली आणि दुसरी वेचणी फरदडीत मिसळायची नाही. कापूस घरीच वाळवायचा आणि घरीच तोलायचा. ओल मोजायचे यंत्र चार घरांनी मिळून घ्यायचे. सौद्याची पावती हातात आल्याशिवाय गाडीची दोरी सोडायची नाही. एकाच्या गाडीत कापले तर चौघांच्या गाड्या थांबवायच्या. ज्वारी सुगीत ओतायची नाही. ज्या बाजार समितीत पणन मंडळाची शेतमाल तारण योजना चालते, तिथे ज्वारी ठेवून कर्ज घेता येते. ही योजना १९९०-९१ पासून आहे, पण किती जणांनी विचारली?

हमीभाव २०२५-२६ च्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाला ७,७१०, लांब धाग्याला ८,११० आणि संकरित ज्वारीला ३,६९९ रुपये जाहीर झाला. हा आकडा म्हणजे घासाघीस सुरू करण्याची खालची पायरी आहे. आपण तिलाच माळवद समजून बसलो आहोत.

येत्या हंगामात यार्डात गेल्यावर "काय भाव?" हा प्रश्न आपण विचारायचा नाही. तो शेठला विचारू द्या. उत्तर आपण द्यायचे. मग होऊ द्या घासाघीस!