किल्ल्यातून टेकडीवर: मुरूड-आगरदांड्याची घरे

१८८५ साली मुरूडच्या टेकडीवर नबाबाचा राजवाडा उभा राहिला, तेव्हा मुंबईत बोरीबंदरचे व्हिक्टोरिया टर्मिनस अजून बांधून व्हायचे होते. कोल्हापूरचा नवा राजवाडा नुकताच पुरा झाला होता आणि बडोद्याच्या लक्ष्मीविलासचे काम चालू होते. त्या दोन्हींचे मूळ आराखडे मेजर चार्ल्स मँट या एकाच इंग्रज अभियंत्याचे. संस्थानिकांना त्या दशकात घर बांधण्याचा ध्यासच लागला होता. १८७९ मध्ये जंजिऱ्याच्या गादीवर आलेले तरुण नबाब सिद्दी अहमदखान त्याला अपवाद नव्हते. त्यांचा अहमदगंज पॅलेस आजही आल्यागेल्याचे लक्ष वेधून घेतो.

पण श्रोतेहो, हे घर समजून घ्यायचे तर आधी जंजिरा किल्ल्यात जायला हवे. तिथे सिद्दी सुरूलखानाच्या वाड्याच्या मोडक्या भिंती अजून ताठ उभ्या आहेत, तीन मजल्यांच्या. चारी बाजूंना समुद्र असूनही या वाड्याचे जगणे तटाच्या आत कोंडलेले. बाहेर बघायचे ते बुरुजावरून, तोफेशेजारून. साहजिकच आहे. एका बाजूला मराठ्यांचा पद्मदुर्ग, आणि पाण्यावर केव्हा कुणाचे आरमार उगवेल याचा नेम नाही. पिढ्यान्‌पिढ्या जंजिऱ्याच्या सिद्दी राज्यकर्त्यांनी घर म्हणून जे बांधले ते आधी संरक्षण होते, मग निवारा.

मुरूडचा राजवाडा याच्या अगदी उलट. तट नाही, खंदक नाही. घुमट मुघल वळणाचे, कमानी गॉथिक ढंगाच्या, आणि घराचे तोंड सरळ समुद्राकडे. वाऱ्याला वाट दिलेली. हा धीर आला कुठून?

याचे उत्तर १८६८ च्या आसपासच्या घडामोडींत आहे. तोवर जंजिऱ्यात इंग्रजांचा राजकीय अधिकारी नव्हता आणि राज्याच्या आतल्या कारभारात त्यांची ढवळाढवळही नव्हती. मग फौजदारी न्यायातील बेबंदशाहीचे कारण पुढे करून त्यांनी आपला अधिकारी आणून बसवला, फौजदारी आणि पोलिसी कोर्टही ताब्यात घेतले. समुद्रावरचे भय आधीच गेले होते, आता सत्ताही गेली. नबाबाच्या खिडक्या मोठ्या झाल्या त्या याच काळात. राजवाड्याचे देखणेपण वर्णन करताना हा व्यवहार विसरणे इतिहासाला धरून होणार नाही. मुरूडला पाणी देणाऱ्या गारंबीच्या धरणालाही व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीचे नाव मिळाले, ते याच नव्या नात्यातून.

१९४८ मध्ये संस्थान विलीन झाले. राजवाडा खासगी मालकीचा राहिला. त्यामुळे बहुतेकांनी तो रस्त्यावरूनच पाहिलेला आहे.

खरे तर या किनाऱ्यावरची व्हिक्टोरियन काळाची खूण राजवाड्यापेक्षा गावोगावच्या घरांत जास्त पसरली आहे. ती छपरावर दिसते. मंगळूरला बासेल मिशनच्या जर्मन पाद्र्यांनी १८६५ मध्ये यंत्रावर कौले पाडायला सुरुवात केली. ती पडावांतून आणि मचव्यांतून बंदराबंदरांवर उतरू लागली. त्याआधी श्रीमंताघरी नळीची कौले, गरिबाघरी पेंढा नाहीतर नारळाची झापे. मंगळुरी कौल उलटे करून पाहावे: वरच्या कडेला आतल्या अंगाने बोंडे असतात, ती रिपेला अडकतात, बाजूच्या खाचा शेजारच्या कौलाला धरून ठेवतात. पाठीवर कारखान्याचा ठसा उठवलेला. नळीची कौले दरवर्षी पावसाआधी चाळावी लागत, तो खटाटोप यात पुष्कळ कमी झाला. छप्पर हलके झाले, तशी पाखी लांबली, ओटी रुंद झाली. जांभ्याच्या भिंती, सागाचे खांब, झोपाळा आणि मागे नारळ-सुपारीची वाडी, हे मुरूडजवळच्या आगरदांडा, राजपुरी, नांदगावचे घर तेव्हापासूनचे. हिंदूंचे असो वा कोकणी मुसलमानांचे, सुतार-गवंड्यांची करणी तीच.

३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळले. कौले पाचोळ्यासारखी उडाली, सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. त्यानंतर अनेकांनी छपरावर पत्रा घातला. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पाऊस तोंडावर आला होता, शेकडो घरांना एकदमच कौले हवी होती आणि कौले शाकारणारे हात थोडे होते. मात्र पत्र्याखाली ओटी तापते, मग घरात पंखा येतो, माळ्यावर सिलिंग येते आणि हळूहळू घरच पाडून स्लॅब टाकायचा विचार सुरू होतो.

मुंबईने हे आधी भोगले आहे. गिरगावातल्या खोताच्या वाडीत अशाच लाकडी जिन्यांची, व्हरांड्यांची मूळ ६५ घरे होती. आज त्यांतली निम्मीही नाहीत. मुंबईला वारसा नियमावली मिळाली ती १९९५ मध्ये, बरेच काही हातचे गेल्यावर.

आगरदांड्याला अजून सवड आहे, पण फार नाही. खाडीवर दिघीला जोडणारा पूल व्हायचा आहे, बंदर वाढणार आहे आणि रस्त्याकडेच्या जमिनीला भाव येणार आहे. तेव्हा गावातल्या शाळेने किंवा ग्रामपंचायतीने एक काम हाती घ्यावे: प्रत्येक जुन्या घराचे माप, बांधल्याचे साल, लाकूड कुठून आले, कौलावरचा ठसा कोणता, गवंडी आणि सुतार कोण, याची वही करावी. घरांतल्या ऐंशी-नव्वदीच्या आजी-आजोबांकडून हे सगळे आज मिळते. सुरुवात जेट्टीजवळच्या आळीपासून केली तरी चालेल.