पिमायच्या दारी स्वागत



ग्रामप्रशासनाच्या या परिषदेला आलेल्या सर्वांचे पिमाय तालुका मनापासून स्वागत करीत आहे. थायलंडच्या नाखोन रात्चसीमा प्रांतातला हा भातशेतीचा मुलूख कोरातच्या पठारावर आहे. इथून पूर्वेला वाहणारी मून नदी पुढे मेकाँगला मिळते.

पिमायचे वैभव म्हणजे ख्मेरकालीन मंदिर. त्याच्या दक्षिण दाराच्या चौकटीवर ११०८ सालचा लेख आहे. ख्मेर मंदिरे सहसा पूर्वाभिमुख असतात. हे मात्र आग्नेयेकडे, ख्मेर राजधानी अंगकोरच्या दिशेला पाहते. दारावर नागपाशात जखडलेले राम-लक्ष्मण आणि भोवती व्याकूळ वानर. आत शिरावे तर बुद्ध! पांढऱ्या वालुकाश्माचे शिखर सुमारे २८ मीटर उंच आहे. १९६४ पासून पडके दगड पुन्हा रचले गेले आणि १९८९ मध्ये हा परिसर ऐतिहासिक उद्यान म्हणून खुला झाला.

मंदिर सगळे पाहतात, राजपुत्र थेपपिपित मात्र विस्मृतीत गेले. सयामची तेव्हाची राजधानी अयुथ्थया, तिथले राजे बोरोमकोट यांचे हे पुत्र. गादीच्या तंट्यात १७५८ मध्ये त्यांची सिलोनला रवानगी झाली. तिथून ते परतले. १७६७ मध्ये ब्रह्मी फौजेने अयुथ्थया जाळल्यावर पिमायच्या सुभेदाराने त्यांचा पक्ष घेतला आणि हे आडगाव त्यांची राजधानी झाले. पुढच्याच वर्षी सयामचा नवा राजा ताकसिन याने पिमाय जिंकले व राजपुत्राला देहदंड दिला. पराभूताची आठवण ठेवणे हाही गावाचा धर्म आहे.

परिषदेच्या विषयाशीही पिमायचे नाते आहेच. १८९२ नंतर गृहमंत्री राजपुत्र दामरोंग यांनी घडवलेल्या कारभाराची उतरंड इथे आजही दिसते: तालुक्याचा प्रमुख ‘नाय अंपो’ बँकॉकहून नेमला जातो, गावचा प्रमुख ‘फू याय बान’ गावकरी निवडतात. १९९४ च्या कायद्याने तांबोनला, म्हणजे गावांच्या गटालाही, निवडून आलेले स्थानिक मंडळ मिळाले.

गाव लहान आहे. खोल्या अपुऱ्या पडल्या, काहींना दाटीवाटीने राहावे लागले, पंखेही सर्वांना पुरले नाहीत. त्याबद्दल स्वागत समिती क्षमा मागते. तांदूळ देणारे शेतकरी व गिरणीवाले, अंगण मोकळे करून देणारे विहारातील भिक्षू, पहाटेपासून चुलीपाशी राबणाऱ्या माताभगिनी, गाड्या देणारे व्यापारी आणि पाहुण्यांची ने-आण करणारी तरुण मुले या सर्वांची समिती कायमची ऋणी आहे.

दुपारी पिमायच्या तांदळाच्या शेवया वाढल्या जातील. नंतर ‘साय न्गाम’ या सुमारे साडेतीनशे वर्षांच्या वडाखाली सर्वांनी जमावे आणि परिषदेच्या अहवालात थेपपिपित यांच्यासाठी एक पान राखावे, ही नम्र विनंती.