चिकानो अध्ययन : मागून मिळवलेली विद्याशाखा



आज मी अमेरिकेतील चिकानो, म्हणजे मेक्सिकन वंशाच्या अमेरिकन लोकांच्या, अध्ययनाविषयी बोलणार आहे. कुठली विद्या विद्यापीठात यावी हे कोण ठरवतं, या प्रश्नाचं इतकं स्वच्छ उत्तर फार थोड्या विद्याशाखा देतात.

1848 च्या ग्वादालुपे हिदाल्गो तहाने मेक्सिकोचा प्रचंड मुलूख अमेरिकेकडे गेला. कॅलिफोर्निया त्यातलाच. तिथली मेक्सिकन माणसं एका तहाने परक्या राज्यात गेली. पुढे शेतमजुरीसाठी आणखी कुटुंबं आली. त्यांच्या मुलांना शाळेत स्पॅनिश बोललं म्हणून शिक्षा होत असे, आणि इतिहासाच्या पुस्तकात त्यांचे पूर्वज जवळपास नसतच.

मार्च 1968 मध्ये पूर्व लॉस एंजेलिसचे हजारो शाळकरी विद्यार्थी वर्ग सोडून रस्त्यावर उतरले. द्विभाषिक शिक्षण आणि आपला इतिहास शिकवा, अशा त्यांच्या मागण्या होत्या. साल कास्त्रो हे शिक्षक त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि त्यापायी त्यांना अटक झाली. एप्रिल 1969 मध्ये सांता बार्बारा येथे विद्यार्थी आणि प्राध्यापकांनी मिळून चिकानो अध्ययनाचा आराखडा लिहिला. प्रवेश, अभ्यासक्रम, संशोधन आणि वस्तीशी नातं, सगळ्याचा त्यात विचार होता. त्याच वर्षी सान फर्नांडो व्हॅलीत रोदोल्फो अकुन्या यांनी स्वतंत्र विभाग उभा केला.

अभ्यासपद्धतीचा पाया मात्र त्याआधीच घातला गेला होता. 1901 मध्ये टेक्ससमध्ये ग्रेगोरिओ कोर्तेस या शेतकऱ्याच्या घरी शेरीफ चौकशीला आला. दुभाष्याने बोलणं चुकीचं सांगितलं, गोळ्या सुटल्या आणि शेरीफ मारला गेला. शेकडो माणसं कोर्तेसच्या मागे लागली. सीमेवरच्या लोकांनी त्याच्यावर कोरिदो रचले. ही आपल्या पोवाड्याच्या जातकुळीतली कथागीतं. अमेरिको पारेदेस यांनी ती गीतं इतर नोंदींशेजारी ठेवून तपासली आणि 1958 मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. लोकांच्या तोंडची स्मृती हा अभ्यासाचा अस्सल आधार ठरू शकतो, हे त्यांनी दाखवून दिलं.

भाषेचंही तसंच. ग्लोरिया अन्झाल्दुआ यांनी 1987 च्या ‘बॉर्डरलँड्स’ या पुस्तकात इंग्रजी आणि स्पॅनिश एकाच परिच्छेदात नांदवल्या. घरात बोलली जाणारी मिश्र बोली त्यांनी विचाराची भाषा केली.

ही विद्या सत्तेला खुपते. अ‍ॅरिझोनाने 2010 मध्ये अशा वर्गांविरुद्ध कायदा केला आणि 2012 मध्ये टूसॉनच्या शाळांतले मेक्सिकन-अमेरिकन अध्ययनाचे वर्ग बंद पडले. 2017 मध्ये संघीय न्यायाधीशांनी त्या कारवाईमागे वांशिक आकस असल्याचा निर्वाळा दिला. मिळवलेली जागा राखावीही लागते.

मित्रहो, ज्या समाजाचा अभ्यास करायचा, त्याची मुलं अभ्यासक म्हणून वर्गात असली पाहिजेत आणि त्याची गाणी व बोली पुराव्यात धरल्या पाहिजेत. चिकानो अध्ययनाने हे करून दाखवलं आहे. आपल्या विभागांत जिथे पोवाडा शिकवला जातो, तिथे कोरिदोही शिकवा. पारेदेस आणि अन्झाल्दुआ यांना अभ्यासक्रमात जागा द्या. आणि एखादा विद्यार्थी आपल्या वस्तीचा इतिहास हा प्रबंधाचा विषय म्हणून घेऊन आला, तर त्याला मार्गदर्शक मिळालाच पाहिजे. एवढी विनंती करून मी थांबतो.