परम संगणक : एकच मोठा की पुष्कळ लहान?



मागच्या महिन्यात आमच्या गटात मशीनवरून भांडण झालं. तुरीची डाळ करायला एकच मोठी मिल घ्यायची की दोन लहान, यावरून. तीन वर्षांपूर्वी आम्ही मोठी घेतली होती. दुकानदार म्हणाला, अध्यक्षताई म्हणाल्या आणि आम्ही माना हलवल्या. तिला थ्री फेज लाइन लागते हे मशीन गावात उतरल्यावर कळलं. वर्षभर ती ताडपत्रीखाली उभी होती, बँकेचे हप्ते मात्र सुरू होते. या वेळी बाया बोलल्या, आणि बोलल्या म्हणूनच भांडण झालं.

त्या दिवशी मी बैठकीत विजय भटकरांची गोष्ट सांगितली. डाळ मिलमध्ये संगणकवाला माणूस कुठून आला म्हणून बाया हसल्या. आज तीच तुम्हाला सांगते.

भटकर आपल्याकडचेच. 11 ऑक्टोबर 1946 ला मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंबा गावी त्यांचा जन्म झाला. कारंज्याहून शकुंतला गाडी ज्या मूर्तिजापूरला जायची, तेच हे. वाशीम जिल्हा 1 जुलै 1998 ला वेगळा झाला. त्याआधी आपण सारे अकोला जिल्ह्याचेच. म्हणून ‘आपल्याकडचे’ म्हणायला माझी जीभ अडखळत नाही. नागपूरला इंजिनिअरिंग, बडोद्याला पुढचं शिक्षण आणि दिल्लीच्या आयआयटीतून डॉक्टरेट.

आता 1987-88 चा काळ आठवा. पावसाचा अंदाज काढायचा तर अफाट आकडेमोड लागते, आणि ती वेळेत झाली पाहिजे. उद्याचा पाऊस परवा कळून काय कामाचा? अशा आकडेमोडीच्या मोठ्या संगणकाला महासंगणक म्हणतात. तेव्हा अमेरिकेच्या क्रे कंपनीचा महासंगणक नावाजलेला होता. बंगळूरच्या विज्ञान संस्थेसाठी भारताने तो मागितला. अमेरिकेने दिला नाही. हेच यंत्र क्षेपणास्त्राच्या, अणुबॉम्बच्या गणितालाही चालतं, ही त्यांची भीती. दिल्लीच्या हवामान केंद्राला एक मिळाला, तोही अटी घालून.

मग सरकारने 1988 मध्ये पुण्याला सी-डॅक ही संस्था काढली आणि भटकरांना तिचे प्रमुख केलं. ही काही नफ्याची कंपनी नव्हे, पण मुदत कंपनीसारखीच कडक : तीन वर्षं. पंतप्रधान राजीव गांधींशी झालेलं बोलणं भटकर स्वतः सांगतात. करता येईल का, असं विचारल्यावर ते म्हणाले, मी महासंगणक पाहिलेलाच नाही, क्रेचा फक्त फोटो पाहिलाय, पण होईल. किती दिवस लागतील? क्रे आणायच्या खटपटीत जातील त्याहून कमी. आणि खर्च? क्रेच्या किमतीहून कमी. मला यातलं पहिलं वाक्य जास्त आवडतं. पाहिलं नाही हे कबूल करणारा पुढारी विरळाच.

खरा निर्णय पुढेच होता. क्रेमध्ये मोजकेच, पण फार ताकदीचे प्रोसेसर असत. प्रोसेसर म्हणजे संगणकाचा मेंदू. ते थंड ठेवायलाच मोठी यंत्रणा लागे. तसा मेंदू इथे तीन वर्षांत घडवणं शक्य नव्हतं. सी-डॅकने दुसरी वाट धरली : साध्या, बाजारात मिळणाऱ्या पुष्कळ चिपा घ्यायच्या आणि काम वाटून द्यायचं.

निंदणाची पात डोळ्यांपुढे आणा. वीस बाया, प्रत्येकीचं आपलं तास. पण एक मागं राहिली तर बाकीच्या धुऱ्यावर तिची वाट पाहत बसतात. संगणकातही तेच. पावसाच्या अंदाजासाठी नकाशाचे चौकोन पाडले. रिसोडचा चौकोन एका चिपेला, मालेगावचा दुसरीला. पण ढग तालुक्याची हद्द मानत नाही! म्हणून रिसोडच्या चिपेने मालेगावच्या चिपेला सारखं सांगत राहावं लागतं, माझ्याकडून वारं येतंय. कामाची वाटणी आणि हे आपसातलं बोलणं हेच सर्वांत अवघड.

म्हणूनच इंग्लंडच्या इनमॉस कंपनीची ट्रान्सप्युटर नावाची चिप निवडली. तिच्यात शेजारच्या चिपांशी बोलायला चार जोडण्या मुळातच होत्या. दोन हात, दोन शेजारणी एवढंच नाही, चार हात. कुणी म्हणेल, चिप इंग्लंडची मग स्वदेशी ते काय? प्रश्न रास्त आहे. चिपा जोडायची रचना आणि काम वाटून देणारं सॉफ्टवेअर हे इथलं होतं, पुण्यातल्या तरुण इंजिनिअरांनी केलेलं.

आणि ही कल्पना काही एकट्या भटकरांची नव्हती. बंगळूरला फ्लोसॉल्व्हर आणि मुंबईच्या भाभा केंद्रात अनुपम, दोन्ही याच मार्गाने झाले. भटकरांचा वाटा वेगळा, असं मला वाटतं. वाट एकदा ठरवली की मुदत हलू दिली नाही, आणि यंत्र फक्त आपल्या संस्थेपुरतं नव्हे तर दुसऱ्यांना वापरता येईल असं करायला लावलं. कुठली तार कुठे, हे त्यांनी सांगितलं नसेल. पण यंत्राचा आकार त्यांच्या हो-नाहीवर ठरला.

1991 मध्ये परम 8000 तयार झाला. 64 चिपांचा, आणि 256 पर्यंत वाढवता येणारा. पूर्ण संचाची क्षमता सेकंदाला शंभर कोटी आकडेमोडींची. मॉस्कोच्या एका संस्थेतही तो बसवला.

पुढे ट्रान्सप्युटर मागे पडला. एकाच मोठ्या मेंदूवर सगळं बेतलं असतं तर तिथेच खेळ संपला असता. इथे चिप बदलली, पद्धत तीच राहिली. पुढच्या परममध्ये दुसऱ्या कंपन्यांचे प्रोसेसर आले, 1998 मध्ये परम 10000 झाला. आज जगातले सगळे मोठे महासंगणक हजारो प्रोसेसर जोडूनच होतात.

गोष्ट संपल्यावर आमच्या अध्यक्षताई थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “मी बी लहान मिल चालताना पाहिली नाही. आधी पाहून येऊ.” अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने मिनी डाळ मिल तयार केलेली आहे, ती चालू असताना पाहायला सोमवारी आम्ही पाच जणी निघालोय. एकजण वायरमनला विचारणार, आमच्या लाइनवर काय चालेल ते. दुसरी हप्त्याचा हिशेब मांडणार. काय ठरलं ते पुढच्या वेळी सांगते.